शाळेच्या इमारतीचं साहित्य निवडताना या चुका टाळा

शाळेच्या स्वच्छतागृहाचं दार एकदा खाली वाकून बघा. वरचा रंग शाबूत असतो, पण खालची चार बोटं फुगलेली असतात आणि पापुद्रे सुटलेले. रोज फरशी धुतली जाते आणि पाणी दाराच्या न रंगवलेल्या खालच्या कडेतून आत शिरतं. दार घेताना स्वस्त पडलं होतं. बदलताना मात्र दार, बिजागऱ्या, रंग, मजुरी असं सगळं पुन्हा भरावं लागतं.

असं होतं, कारण बांधकामाचा पैसा एका खात्यातून येतो आणि देखभालीचा दुसऱ्या. दरपत्रकावर सही करणाऱ्याला पुढची तीस वर्षं फडकं मारणारे हात दिसत नाहीत.

फक्त खरेदीचा दर बघणं

समजा, एका फरशीचा खर्च १०० एकक, आयुष्य १० वर्षं आणि पॉलिशसह सफाईचा जादा खर्च वर्षाला १२. दुसरीचा खर्च २२०, आयुष्य ४० वर्षं आणि सफाई वर्षाला ३. चाळीस वर्षांत पहिली चार वेळा घालावी लागते, म्हणजे एकूण ८८०. दुसरीचे होतात ३४०. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण असा हिशेब प्रत्येक साहित्यासाठी मांडून बघावा. सफाई आणि दुरुस्तीचा आकडा विक्रेत्याला विचारू नका. प्रत्यक्ष झाडणाऱ्या-पुसणाऱ्या माणसाला विचारा, त्याला तो नेमका ठाऊक असतो.

व्याजदर आंधळेपणाने धरणं

पुढचा खर्च आजच्या किमतीत आणताना सूट-दर वापरतात, म्हणजे खर्च जितकी वर्षं लांब, तितका तो व्याजासारख्या एका दराने कमी धरतात. वरच्याच उदाहरणात दर ३ टक्के धरला तर पहिली फरशी ५४८ आणि दुसरी २८९. दर १० टक्के केला की २७६ आणि २४९, म्हणजे फरक जवळजवळ पुसला जातो. म्हणून निर्णय एका दरावर घेऊ नका. दोन-तीन दर लावून बघा आणि निकाल कुठे उलटतो ते लिहून ठेवा. आणखी एक गफलत नेहमी होते: खर्चात महागाई धरायची नाही आणि सूट-दर मात्र महागाईसकट घ्यायचा. त्याने भविष्यातला खर्च खोटाच लहान दिसतो. दोन्हीकडे महागाई धरा किंवा दोन्हीकडून वगळा.

साहित्याचं आयुष्य संपतं हे विसरणं

ही चूक पैशापुरती राहत नाही, म्हणून मला तीच सर्वांत जास्त टोचते. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत शाळांच्या छतांना ‘रॅक’ हे हलकं, सच्छिद्र काँक्रीट वापरलं गेलं. त्याचं उपयुक्त आयुष्य साधारण ३० वर्षं मानलं जात होतं. तरी या काँक्रीटच्या फळ्या त्यापुढेही जागेवरच राहिल्या. २०१८ मध्ये केंट परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेचं छत कोसळलं. सुट्टीचा दिवस असल्याने वर्गात मुलं नव्हती. पुढे ३१ ऑगस्ट २०२३ रोजी, नवं सत्र तोंडावर असताना, शंभराहून अधिक शाळांना आधार न दिलेले भाग बंद ठेवायला सांगण्यात आलं. वर्ग बंद ठेवण्याची, मुलांना दुसरीकडे बसवण्याची किंमत कुठल्याच दरपत्रकात नसते. तपासणी कधी करायची आणि साहित्य कधी काढायचं, हे खरेदीच्या वेळीच ठरवा.

सर्वांत कच्चा दुवा न तपासणं

छताचा पत्रा पन्नास वर्षं टिकेल, पण स्क्रूखालचं रबराचं वॉशर त्याच्या कितीतरी आधी उन्हाने तडकतं. नळाचे पाइप चिकटवलेल्या पॅनेलमागे गेले की एका गळतीसाठी अख्खी भिंत उघडावी लागते. दारं, कड्या, सांधे, पन्हळी यांचं आयुष्य वेगळं लिहा.

लक्षण दिसताच साहित्याला दोष देणं

भिंतीच्या तळाशी पोपडे आले की रंग बदलण्याची घाई होते. आधी ओल कुठून येते ते शोधा: पायातून, बाहेरच्या उतारातून, की धुण्याच्या पाण्यातून? छताखाली डाग दिसला तर वॉटरप्रूफिंग उखडण्याआधी पाणी जाण्याचं तोंड पालापाचोळ्याने तुंबलंय का ते बघा. टाइल टिचकी मारल्यावर पोकळ वाजली, तर बहुधा खालचा मसाला पूर्ण भरलेला नाही. महागडी टाइल आणूनही तीच गत होईल.

काम ताब्यात घेताना प्रत्येक फरशीचे आणि टाइलचे थोडे जादा नग, रंगाचा क्रमांक आणि देखभालीच्या सूचना शाळेत ठेवून घ्या. पाच वर्षांनी तीच छटा बाजारात मिळेनाशी होते आणि मग एका फुटक्या फरशीसाठी अख्खी खोली उकरली जाते.