रब्बीआधी माळावरचे पाणी माळातच जिरवा: सोलापूर जिल्ह्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरचा सल्ला

उजनी धरणाचा साठा वाढू लागला की जिल्हाभर हायसे वाटते. पण ते पाणी आपल्या पावसाचे नसते. भीमा उगम पावते भीमाशंकरच्या जंगलात. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पुढे इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड यांचे पाणी घेऊन ती उजनीत येते. सोलापुरात सरासरी पडतो साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही मोठा वाटा सप्टेंबरमधल्या थोड्याच दांडग्या सरींचा. सांगोल्याकडची माण, बार्शीची भोगावती, अक्कलकोटची बोरी या नद्या कमी पावसाच्या मुलखातूनच येतात. कालव्याखाली नसलेली विहीर गावच्या माळावर भरते. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस येण्याआधी माथ्यापासून ओढ्यापर्यंत एकदा चालून या. जोराच्या सरीनंतर लगेच गेलात तर उत्तम, कारण पाणी कुठून पळते आणि कुठे गढूळ होते ते तेव्हाच दिसते.

आपल्याकडचा खडक काळा पाषाण. घट्ट पाषाणात पाणी राहत नाही. ते राहते वरच्या मुरमात, भेगांत आणि छोट्या पोकळ्यांच्या मांजऱ्या दगडात. ही साठवण पातळ असते, म्हणून विहीर लवकर भरते आणि लवकर तळाला जाते. माळावर पाणी जितके जास्त वेळ थांबेल तितके झरे पुढे चालतात.

माळावर नवे समतल चर खणण्याची वेळ एप्रिल-मे. आता असलेल्या चरांतला गाळ काढून तो खालच्या अंगाच्या भरावावर टाका. 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल चर एकदा भरला की मीटरला 180 लिटर पाणी धरतो, 100 मीटरला 18 हजार लिटर. पण चर समपातळीत नसेल तर सगळे पाणी एका टोकाला जमून तिथेच फोडते आणि घळ पडते. भरावावर ओल असतानाच मारवेल गवताचे किंवा स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचे बी टाका. कडुलिंब, बोर, सीताफळ, हिवर ही झाडे चराच्या कडेने लावा. सगळा माळ झाडांनी भरून टाकू नका. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारखी गवताळ राने पडीक नव्हेत. पवन्या, डोंगरी, मारवेल यांच्या मुळांची जाळी थेंबाचा मार झेलते आणि माती धरून ठेवते. तिथे चराईबंदी पाळली तर तेवढे पुरे. गवत बी धरेपर्यंत जनावरे सोडू नका, नंतर कापून न्या.

ज्वारीच्या रानात पेरणीआधी साधारण 45 दिवस, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीलाच, 10 बाय 10 मीटरचे बंदिस्त वाफे पाडा. सारा यंत्राने सारे पाडायचे, मग बळीराम नांगराने आडवे दंड घालायचे. उंची 20 ते 30 सेंटिमीटर पुरते. 50 मिलिमीटर पाऊस झाला तर अशा एका वाफ्यावर 5 हजार लिटर पाणी पडते. ते वाहून जाऊ द्यायचे की मुरवायचे, एवढाच प्रश्न आहे. रान उताराचे असेल तर वाफ्यांऐवजी उताराला आडव्या सऱ्या काढा. भारी काळ्या रानात पाणी दोन दिवसांनंतरही उभे राहिले तर दंड एका जागी फोडून हळू काढून द्या. डाळिंबाच्या बागेत मात्र पाणी अजिबात साचू देऊ नका.

काळ्या मातीचे बांध फुटतात ते बहुधा उन्हाळ्यातल्या भेगांमुळे. पाणी भेगेत शिरते, आतून माती वाहते आणि बांध खालच्या अंगाने सुटतो. भेग 30 सेंटिमीटर खोल उकरा, मुरूम मिसळलेली माती थरांनी भरा आणि प्रत्येक थर धुम्मसाने चोपा. सांडवा मोकळा आणि दगडांनी पिचिंग केलेला हवा. सांडवा नसलेला बांध कितीही उंच असला तरी टिकत नाही.

ओढ्याच्या अगदी काठापर्यंत नांगर नेऊ नका. एक पेंढी जास्त मिळते, पण पुढच्या पुरात काठच जातो. निदान 5 मीटरची पट्टी सोडा. तिथली निरगुडी, करंज, शिंदी तोडू नका, मोकळी जागा असेल तिथे वाळा लावा. ओढ्याचे खोलीकरण करताना मुरूम लागला की यंत्र थांबवा. मुरूम खरवडून काढला की शेजारच्या विहिरीचेच पाणी ओढ्यात उतरते आणि दिवाळीनंतर दोन्ही कोरडे पडतात. वरच्या घळींत अनगड दगडांचे छोटे बांध घाला. उंची एक मीटरच्या आत, मध्यभाग खोलगट, काठाला दगड जमिनीत रोवलेले. मध्य उंच राहिला तर पाणी काठ कोरून बाजूने निघते.

विहीर पुनर्भरण करणार असाल तर विहिरीपासून दोन-तीन मीटरवर 2 बाय 2 बाय 2 मीटरचा खड्डा घ्या. तळाशी मोठे दगड, मग छोटे दगड, मग खडी, वर जाड वाळू. तळातून चार इंची पाइप विहिरीत सोडा. खड्ड्याच्या आधी गाळ बसण्यासाठी लहान टाकी हवीच, नाहीतर वाळूचा थर एका हंगामात बुजतो. खत-औषध मारलेल्या रानातले पहिले गढूळ पाणी आत घेऊ नका.

ज्वारीची पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान, जमिनीची खोली पाहून. जातींपैकी हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारी रानात फुले वसुधा. हेक्टरी 10 किलो बी पुरते. किलोला 4 ग्रॅम गंधक चोळा. कोळपणी तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. तिसरी दातेरी कोळप्याने करा. भेगा बुजल्या नाहीत तर वाफ्यात मुरवलेली ओल त्याच वाटेने उडून जाते.