डिसेंबरातही मासेमारी बंदी!
डिचोलीच्या भाचीने पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला होता. महिन्याचा आकडा द्यायचा, मासेमारी बंदी आहे का ते कळायचं. गोव्यात यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते. हिच्या प्रोग्राममध्ये मात्र डिसेंबरातही बंदी! म्हटलं, मग नाताळात इसवण (सुरमई) कुठून आणायचा?

घोळ या ओळीत होता (टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांत):

इफ म == 6 ऑर 7:

आपण बोलतो तसंच तिने लिहिलं, सहा किंवा सात. पण पायथॉन 'ऑर'च्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे तपासतो. उजवीकडे नुसता 7, आणि शून्य सोडून कुठलाही आकडा त्याच्या लेखी खराच. म्हणजे 'एल्स'ची, 'बंदी नाही' सांगणाऱ्या भागाची, पाळी कधी येणारच नाही. एररही नाही, त्यामुळे बिचारी भलतीकडेच शोधत बसली.

बदल असा केला:

इफ महिना इन (6, 7):

'म'चं 'महिना' केलं, ओळींच्या सुरुवातीला कुठे दोन कुठे सहा असलेल्या स्पेस सगळीकडे चार केल्या. पुढे तिने लिहिलेलं 'इफ बंदी == ट्रू' (बंदी खरी असेल तर) हे तर उगाचच; 'इफ बंदी' पुरतं. मग 5, 6, 7, 8 देऊन पाहिलं, बरोबर. 13 दिल्यावर मात्र 'बंदी नाही' आलं. त्यासाठी सुरुवातीलाच वेगळी अट घालायची, ते काम तिच्याकडेच ठेवलंय.