उन्हाळ कांदा चाळीत भरण्याआधी बंदराकडे बघा

उन्हाळ (रब्बी) कांद्याची काढणी सुरू झाली की वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात रोज तोच प्रश्न कानावर येतो: आत्ता विकू की चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवू? उत्तर शोधताना गावचा भाव बघून भागत नाही, न्हावा-शेवा बंदराकडेही, म्हणजे निर्यातीकडेही, बघावं लागतं.

मागच्या तारखा आठवा. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क आणि त्याच डिसेंबरात पूर्ण बंदी. सगळं ऑगस्ट ते डिसेंबर या काळातलं. तेव्हा उन्हाळ माल संपत आलेला असतो, खरिपाचा लाल कांदा पुरेसा आलेला नसतो, मुंबई-दिल्लीत किरकोळ भाव चढतो आणि सरकारचा हात आधी निर्यातीवर पडतो. म्हणजे चाळीतल्या कांद्याला ज्या महिन्यांत चांगला भाव मिळायचा, त्याच महिन्यांत वाट अडण्याची भीती सगळ्यात जास्त.

बंदी उठली तरी लगेच माल जातो असं नाही. मे २०२४ मध्ये टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत (त्याहून कमी दराने माल बाहेर पाठवता येत नव्हता) आणि वर ४० टक्के शुल्क होतं. दोन्ही मिळून ७७० डॉलर, तेव्हाच्या दराने किलोला साधारण ६४ रुपये. आखातातला किंवा मलेशियातला व्यापारी तेवढे का मोजेल? तो पाकिस्तानचा किंवा इजिप्तचा कांदा घेतो, आणि एकदा तिकडे वळलेलं गिऱ्हाईक परत आणणं फार जड जातं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क उठलं, पण त्या भरवशावर सगळा माल ऑक्टोबरपर्यंत अडकवू नका.

माझं स्पष्ट मत: तीन वाटे करा. एक काढणीनंतर लगेच विका, म्हणजे घरखर्च आणि पीककर्जाचा हप्ता निघेल. दुसरा जून-जुलैत. तिसरा चाळीत ठेवा, पण तोही ऑगस्टपासून थोडा थोडा काढत राहा. शिवाय थांबण्याचा खर्च धरा: वजनातली घट, सड, पुन्हा निवडणीची मजुरी. भाव तेवढा वाढला नाही तर थांबून काही उरत नाही.

डॉलर महागला की आपल्याला फायदा, असं सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. जहाजाचं भाडंही डॉलरमध्येच जातं, आणि भाडं वाढलं की निर्यातदार ते आधी तुमच्या भावातून कापतो. म्हणून सौदा करताना डॉलरबरोबर कंटेनरचं भाडंही विचारा.

यातला काही माल निर्यातीसाठी वेगळा ठेवायचा तर सुरुवात शेतातच होते. काढणीआधी १०-१५ दिवस पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की उपटा, पातीने कांदे झाकून ३-४ दिवस वाळवा, मान ३-४ सेंटीमीटर ठेवून कापा आणि मग सावलीत सुकवा. जोड कांदा, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे), गोल्टी (अगदी बारीक कांदा) तिथेच बाजूला काढा. ओल्या मानेचा एक कांदा कंटेनरमध्ये गेला तर शेजारचे दहा नासवतो, आणि माल नाकारला गेला की त्याची वजावट शेवटी शेतकऱ्याच्याच पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीत, दिसते.