डायल-अप मोडेम आणि लॅन : वेगाची तुलना कशी करावी

५६के मोडेम (फोनलाइनवरून सेकंदाला ५६,००० बिटांपर्यंत डेटा आणणारे यंत्र) आणि १०० एमबीपीएस लॅन (एका कार्यालयातले संगणक जोडणारे, सेकंदाला १० कोटी बिटांचे जाळे) यांची तुलना करायला सांगितली, तर बहुतेक विद्यार्थी एका आकड्याला दुसऱ्याने भागतात आणि लॅन सुमारे १,८०० पट वेगवान असल्याचे सांगून मोकळे होतात. हे उत्तर मला मान्य नाही, कारण मोडेमवर छापलेला वेग घरच्या फोनलाइनवर मिळत नाही आणि लॅनवर छापलेला जवळजवळ पूर्ण मिळतो. म्हणून छापील आकडे बाजूला ठेवून एकाच फाइलला दोन्ही मार्गांनी किती वेळ लागतो, ते पाहावे.

सर्वप्रथम एकके एकसारखी करून घ्यावीत. मोडेम आणि लॅन या दोहोंचा वेग दर सेकंदाला किती बिट या हिशेबात सांगतात, पण फाइल कॉपी होत असताना विंडोजच्या खिडकीत दिसतात ते बाइट. ८ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० एमबीपीएस लॅनवर सेकंदाला ११ ते १२ एमबीच दिसले, तर जोडणीत काही बिघाड आहे असे समजू नये. इथरनेट या लॅनच्या पद्धतीत डेटाच्या प्रत्येक तुकड्याला (फ्रेमला) पत्ते आणि तपासणीचे बाइट जोडावे लागतात, त्यात साधारण ५ टक्के वेग खर्च होतो.

मोडेमच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांचा असतो, म्हणजे एका लाइनच्या वाट्याला ६४,००० बिटांपेक्षा जास्त काही येऊच शकत नाही. १९९८ च्या व्ही.९० या मानकाने इंटरनेट कंपनीची बाजू थेट डिजिटल ठेवून ग्राहकाकडे येणारा वेग सेकंदाला ५६,००० बिटांपर्यंत नेला, परंतु ग्राहकाकडून जाणारा डेटा एक्स्चेंजमध्ये पुन्हा नमुन्यांत बदलावा लागत असल्यामुळे तो ३३,६०० वरच थांबला. येणारा वेगसुद्धा एक्स्चेंजपासूनचे अंतर आणि तारेची अवस्था यांवर ठरतो. नाशिकच्या पावसाळ्यात केबलच्या जोडात ओल शिरून फोनवर खरखर ऐकू येऊ लागली, की मोडेम स्वतःहून खालच्या वेगावर उतरतो. यासाठी जोडणी झाल्यावर विंडोज दाखवते तो आकडा दर वेळी टिपून ठेवावा. तो ११५,२०० असा दिसला, तर तो फोनलाइनचा वेग नव्हे. संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या सिरियल पोर्टचा आहे, आणि मोडेमचा योग्य ड्रायव्हर घातल्यावर खरा आकडा दिसू लागतो.

आता उदाहरण घेऊ. सातपूरच्या एखाद्या कारखान्याला ६० लाख बाइटांचे, म्हणजे ६ एमबीचे ड्रॉइंग मुंबईच्या ग्राहकाकडून घ्यायचे आहे. त्याचे ४ कोटी ८० लाख बिट होतात. जोडणी ४४,००० वर झाली असेल, तर निदान १८ मिनिटे लागतील. तेच ड्रॉइंग ३३,६०० च्या वेगाने पाठवायला जवळजवळ २४ मिनिटे लागतील. कार्यालयातल्या १०० एमबीपीएस लॅनवर शेजारच्या संगणकाकडे ते अर्ध्या सेकंदात पोचते. फाइल घेताना दोहोंच्या वेगातले अंतर २,१०० पटींच्या वर जाते आणि पाठवताना २,८०० पटींच्या घरात पोचते.

प्रत्यक्ष मोजताना झिप केलेली फाइल वापरावी. मोडेम साधा मजकूर वाटेतच दाबून पाठवतो, त्यामुळे टेक्स्ट फाइलवर त्याचा वेग आहे त्यापेक्षा खूपच चांगला भासतो. लॅनसाठी ६ एमबीची फाइल फार लहान पडते, म्हणून निदान ५०० एमबीची घ्यावी. १०० एमबीपीएसवर तिला ४२ सेकंदांच्या आसपास लागायला हवेत. गिगाबिट (१,००० एमबीपीएस) लॅनवर जुनी हार्ड डिस्कच मागे पडते, तेव्हा फाइल कॉपी करण्याऐवजी डिस्क न वापरता वेग मोजणाऱ्या आयपर्फ या प्रोग्रॅमने मोजावे. गिगाबिट कार्ड आणि स्विच (लॅनच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) असूनही १०० एमबीपीएसच दिसत असेल, तर केबल टेस्टर लावून ४, ५, ७ आणि ८ क्रमांकाच्या तारा पाहाव्यात. १०० एमबीपीएसला तारांच्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.

वेगाइतकाच विलंबही महत्त्वाचा आहे, आणि तुलनेत नेमका तोच राहून जातो. पिंग (उत्तर मागणारा छोटा संदेश) दिल्यावर लॅनवरचा संगणक एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर देतो, तर मोडेमवरून इंटरनेट कंपनीच्या पहिल्या राउटरपर्यंत जाऊन यायला शंभर मिलिसेकंद सहज लागतात. अनेक लहान चित्रांचे वेब पान मोडेमवर रेंगाळते, त्यामागे हा विलंबही असतो.

दोन्ही जोडण्या एकाच वाटेवर असतील, तर हिशेब सर्वांत संथ दुव्याचा धरावा. लॅनवरचे दहा संगणक एकाच मोडेममधून इंटरनेट वापरत असतील, तर ४४,००० बिट त्या दहांत वाटले जातात आणि स्विच बदलून गिगाबिटचा आणला तरी त्यात फरक पडत नाही.