पेपरात चुकीची बातमी आली तर आधी कागद काढा, मग संपादकाला लिहा

राजेहो, आपल्याकडं शेतकऱ्यानं आत्महत्या केली की पेपरच्या जिल्हा पानावर बातमी येते, आन् कधी कधी त्यात सरळ लिहून टाकतात की कर्ज नव्हतं, शेती नावावर नव्हती, दारूचं व्यसन होतं. घरच्यांना विचारलेलं नसतं. घरच्यांच्या सरकारी मदतीचं प्रकरण जिल्हा समितीपुढं जातं तेव्हा शेती कोणाची आन् कर्ज होतं का हेच पाहतात, म्हणून ही चूक लहान नाही. व्हॉट्सॲपवर शिव्या देऊन काही होत नाही, कागद लागतो.

सातबारा महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर फुकट पाहता येतो, डिजिटल सहीचा 15 रुपयांत निघतो. त्यात "इतर अधिकार" वाचा, बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तिथंच असतो, बाजूला फेरफार (बदलाची नोंद) नंबर असतो, तो लिहून घ्या आन् फेरफार काढा म्हणजे तारीखही मिळते. बोजा दिसला नाही म्हणून कर्ज नव्हतं असं नाही बरं का, सोसायटीचं पीक कर्ज असेल तर सोसायटीतून खातेउतारा घ्या. आन् "शेती नावावर नाही" याचं कारण लय वेळा एवढंच असतं की जमीन अजून मेलेल्या बापाच्या नावानं आहे, वारस फेरफार झालाच नाही. तो बापाच्या नावाचा सातबारा आन् वारसांचे कागद सोबत लावा.

मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत मिळतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं नोंदीचा उतारा कोणीही मागू शकतो, पण त्यात मृत्यूचं कारण देत नाहीत. म्हणजे "दाखल्यावरून कारण कळलं" असं कोणी छापलं असेल तर तिथंच धरा.

ऑफिसवाले टाळाटाळ करत असतील तर माहितीचा अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, आन् "काहून केलं" विचारू नका, अमुक कागदाची प्रत द्या एवढंच लिहा. बँकेची माहिती खासगी म्हणून अडवतात, तो अर्ज घरच्यांच्याच सहीनं द्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, मग 90 दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाच्या अमरावती किंवा नागपूर खंडपीठाकडं. शिवाय दर सोमवारी दुपारी 3 ते 5 जिल्हा आन् त्याखालच्या ऑफिसांत फाईल पाहता येते, ते तर कोणी वापरतच नाही!

पण माहिती यायची वाट पाहत बसू नका, कारण प्रेस कौन्सिलकडं (पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी दिल्लीची संस्था) तक्रार दैनिक-साप्ताहिकाची बातमी छापून आल्यापासून 2 महिन्यांत करावी लागते. त्याआधी संपादकाला पत्र गेलेलं पाहिजे, स्पीड पोस्टानं. नाव-पत्ता पेपरातच असतो, कुठंतरी तळाशी एकदम बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक. कोणतं वाक्य चूक, कोणता कागद ते खोटं ठरवतो आन् खुलासा त्याच पानावर हवा, एवढंच लिहा. बातमीदाराच्या घरावर कोणी जाऊ नका, तोही आपल्यासारखाच गावचा माणूस असतो.

खुलासा नाही छापला तर दिल्लीला कौन्सिलकडं तक्रार पाठवा, कात्रण, त्याचं इंग्रजी भाषांतर, संपादकाला दिलेल्या पत्राची प्रत आन् प्रकरण कोर्टात नाही असं लिहून. कौन्सिल दंड करू शकत नाही, चौकशी करून ताकीद देते किंवा निषेध नोंदवते, पण तो आदेश घरच्यांच्या हातात राहतो. बातमी टीव्हीवर असेल तर कौन्सिल चालत नाही, चॅनेललाच लेखी तक्रार द्या. न्यूज पोर्टल असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, त्यांनी 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आन् स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, बातमी गुपचूप बदलतात.