रणगाड्याच्या पुढे जाणाऱ्या गाड्या: या कामात यायचं असेल तर

मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल करणाऱ्या मुलामुलींशी बोललं की ‘डिफेन्समध्ये यायचंय’ हे वाक्य हमखास येतं. डोळ्यांसमोर असतो अर्जुन, नाहीतर टी-९०. पण तोच रणगाडा एखाद्या कालव्याच्या काठावर आणून उभा केला की गप्प उभा राहतो. पाणी किती खोल, ओढ किती, पलीकडचा काठ चढता येईल का, हे कुणीतरी आधी जाऊन बघून आलेलं असावं लागतं. मग कुणीतरी काठ कापून उतार करायचा, कुणीतरी पूल टाकायचा, सुरुंग असतील तर कुणीतरी वाट मोकळी करायची. ही कामं करणाऱ्या चिलखती गाड्यांच्या सुट्या यंत्रणांवर मी पुण्यात एका खासगी कंपनीत काम करतो. कंपनीचं आणि प्रकल्पाचं नाव इथे येणार नाही, ते का हे पुढे येईलच. सांगतोय ते सगळं उघड माहितीतलं, आणि बाकी हातच्या कामाचं.

आधी ही मंडळी कोण ते बघू. आपल्याकडच्या अशा बऱ्याच गाड्यांचा पाया एकच आहे, बीएमपी-२. पायदळाला लढाईत नेणारी, मूळ रशियन रचनेची ही गाडी ‘सरथ’ नावाने तेलंगणातल्या मेदकच्या कारखान्यात बनते. वजन १४ टनांच्या आसपास, इंजिन ३०० अश्वशक्तीचं, आणि मुख्य म्हणजे ती पाण्यात तरंगते. या पायावर डीआरडीओने वेगवेगळी कामं चढवली. मॉर्टर वाहून नेणारी गाडी, अण्वस्त्र-रासायनिक-जैविक हल्ल्यानंतर हवा-मातीचे नमुने घेऊन धोक्याच्या जागेवर खुणा लावत जाणारी टेहळणी गाडी, पाण्यात उतरणारा चिलखती डोझर, आणि सॅपर लोकांसाठी, म्हणजे लष्करातल्या अभियंत्या सैनिकांसाठी, अभियांत्रिकी टेहळणी गाडी. या शेवटच्या गाडीचा पहिला संच डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यातच लष्करात दाखल झाला, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल नरवणे यांच्या उपस्थितीत. तिची रचना दिघीच्या आर अँड डी ई (इंजिनिअर्स) या डीआरडीओच्या प्रयोगशाळेची. पूल टाकणारा टी-७२, ‘सर्वत्र’ पूल, रणगाड्यापुढे लावायचे सुरुंग-नांगर, या कामांतही दिघीचा हात आहे.

चाकांवरच्या गाड्यांचं घराणं वेगळं. नगरच्या व्हीआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या वाहनांच्या प्रयोगशाळेने, टाटांबरोबर व्हॅप ही आठ चाकांची चिलखती गाडी उभी केली. तिचीही सीबीआरएन (रासायनिक, जैविक, किरणोत्सारी, अण्वस्त्र) टेहळणीची आवृत्ती आहे, आणि आता मोरोक्कोतल्या बेर्रेशिदला टाटांचा कारखाना ती गाडी बनवतो. नगरचं नाव अहिल्यानगर झालं तरी आमच्या धंद्यात अजून ‘नगरला ट्रायल आहे’ असंच म्हणतात. तिथे व्हीआरडीईचा चाचणी-ट्रॅक आहे, आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आहे, के. के. रेंज हे गोळीबाराच्या सरावाचं मैदान आहे. पुण्यात दिघी, दापोडीचं सीएमई म्हणजे लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि खडकीचे बॉम्बे सॅपर्स. या विषयासाठी मराठी मुलाला मुलुख सोडावा लागत नाही, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

सॅपर लोकांचा इतिहास जरूर वाचा. या गाड्या कशासाठी बनतात ते त्यातून जितकं कळतं तितकं माहितीपत्रकातून कळत नाही. १९४१ मध्ये अ‍ॅबिसिनियात सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंह भगत सगळ्यात पुढच्या ब्रेन कॅरिअरमध्ये (छोट्या चिलखती गाडीत) बसून चार दिवस सुरुंग शोधत होते. ५५ मैलांच्या वाटेवर १५ सुरुंगपट्टे. दोनदा त्यांची गाडी उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी बदली माणूस घ्यायला नकार दिला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर बॉम्बे सॅपर्सचेच कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे सुरुंग आणि पाडलेली झाडं दूर करत रणगाड्यांना वाट देत होते. गोळीबारापासून आडोसा मिळावा म्हणून ते चालत्या रणगाड्याच्या पोटाखालून, त्याच्या दोन साखळीपट्ट्यांच्या मधून सरपटत गेले, असं त्यांच्याबद्दल सांगतात. त्यांना परमवीर चक्र मिळालं. आज नांगर लावलेला रणगाडा किंवा चिलखती टेहळणी गाडी जे करते, ते या माणसांनी उघड्या अंगाने केलं होतं. ‘चालक दलाला बाहेर उतरावं लागू नये’ ही ओळ लष्कराच्या मागणीपत्रात वारंवार का येते, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम. नव्या माणसाला वाटतं की आपण गाडी डिझाइन करणार. बहुतेक वेळा तसं नसतं. गाडी दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या कामासाठी डिझाइन केलेली असते आणि तुम्ही तिच्यात नवं काम बसवता. भाड्याच्या घरात राहण्यासारखं आहे हे: भिंतीला खिळा ठोकायचा तरी आधी विचारावं लागतं. तळाला भोक पाडलंत तर ती जागा पाणीबंद करण्याची जबाबदारी तुमची. आणि सगळ्यांत वर असतो वजनाचा हिशेब.

माझ्या मते या क्षेत्राचा गाभा तोच आहे. तरंगणाऱ्या गाडीत प्रत्येक किलो दोनदा मोजायचा असतो, एकदा किती म्हणून आणि एकदा कुठे म्हणून. आमच्याकडे एक वेट शीट असते. तिच्यात ब्रॅकेट, बोल्ट, रंग, तेल, केबल, सगळं येतं. नवी पोरं मोठ्या वस्तूंची वजनं बरोबर धरतात आणि केबलच्या जुडग्यांना विसरतात. जाड आवरणाच्या केबली, त्यांचे कनेक्टर, त्यांना धरणारे क्लॅम्प यांची बेरीज बघितली की डोळे उघडतात. शेवटी गाडी लोड सेलवर, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरवर, चढते आणि कागदावरच्या आकड्याची खरी परीक्षा होते. सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलवर भरवसा ठेवा, पण वेल्डचं वजन त्यात धरलंय का ते आधी विचारा.

टेहळणी गाडीवरची साधनं का असतात, तेही आकड्यांनीच कळतं. बीएमपी पाण्यात आपले साखळीपट्टे फिरवून पुढे सरकते, ताशी ७ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सेकंदाला जेमतेम २ मीटर. समजा कालवा ५० मीटर रुंद आहे आणि पाण्याची ओढ सेकंदाला १ मीटर आहे. ओलांडायला २५ सेकंद लागतील आणि तेवढ्यात गाडी २५ मीटर खाली वाहून गेलेली असेल. बाहेर पडायची जागा समोर निवडून उपयोग नाही, खाली निवडावी लागते, आणि तिथला काठ चढण्याजोगा हवा. म्हणून खोली मोजायची, ओढ मोजायची, काठाचा उतार मोजायचा, माती वजन पेलेल का ते बघायचं. मातीसाठी शंकूच्या टोकाचा दांडा जमिनीत दाबतात आणि किती जोर लागतो ते नोंदवतात. मागून येणारा रणगाडा ४० टनांच्या वर, अर्जुन तर त्याहून कितीतरी जड. १४ टनी गाडी निघून गेली म्हणून रणगाडा जाईलच असं नाही. सॉइल मेकॅनिक्स हा ‘सिव्हिलवाल्यांचा विषय’ म्हणून सोडून दिला असेल, तर इथे तो परत काढावा लागेल.

दुसरी गोष्ट वेल्डिंग. चिलखताचं पोलाद कडक असतं आणि हायड्रोजनला फार हळवं. जॉब आधी तापवायचा, इलेक्ट्रोड कोरडा ठेवायचा, बऱ्याच ठिकाणी ऑस्टेनिटिक स्टेनलेसची फिलर वापरायची, हे सगळं त्या हायड्रोजनसाठी. भोसरीत जुलैमध्ये हवा इतकी दमट असते की उघडा राहिलेला इलेक्ट्रोड तासाभरात ओल धरतो. चांगला वेल्डर छोटा ओव्हन शेजारी ठेवतो आणि लागेल तेवढाच बाहेर काढतो. याची गंमत अशी, म्हणजे खरं तर त्रास असा, की भेग लगेच पडत नाही. आज संध्याकाळी वेल्ड आरशासारखा दिसतो. दोन दिवसांनी लाल डाय मारायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा आणि वाट बघायची. पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली की सगळं ग्राइंड करून पुन्हा. म्हणून तपासणीआधीचे दोन दिवस वेळापत्रकात धरावेच लागतात. ते ‘वाचवू या’ असं एखादा मॅनेजर सुचवेल. हो म्हणू नका.

हायड्रॉलिक्समध्ये शत्रू एकच, धूळ. डोझरचं पातं असो की पूल उचलणारा सिलिंडर, दाब २०० बारच्या घरात जातो आणि वाळूचा बारीकसा कण व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. पुण्याच्या शॉपमध्ये महिनोन् महिने नीट चालणारी यंत्रणा राजस्थानात रुसते, कारण टाकीच्या ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्याच्या तोंडातून) तिथली पिठासारखी वाळू आत जाते. होज काढली की टोकाला लगेच टोपी लावणं ही सवय कॉलेजात कुणी शिकवत नाही. तेल सिलिंडरमध्येच अडवून धरणारा लॉक व्हॉल्व्ह सिलिंडरला चिकटूनच का बसवतात, हे मात्र पहिल्याच आठवड्यात समजून घ्या: होज फुटली तरी वर उचललेला कित्येक टनांचा पूल माणसांवर येता कामा नये.

ट्रायल आणि कागद यांत निम्मा वेळ जातो, हे आधीच सांगून ठेवतो. जेएसएस ५५५५५ या लष्करी चाचणी-मानकाप्रमाणे उष्णता, थंडी, ओलावा, धक्के, मग ईएमआय-ईएमसी (विद्युतचुंबकीय अडथळ्यांची चाचणी), मग उन्हाळी ट्रायल, हिवाळी ट्रायल, मग देखभाल सोपी आहे का याची वेगळी परीक्षा. त्या शेवटच्या परीक्षेत जवान हातमोजे घालून तुमचा फिल्टर बदलतो आणि त्याचा हात आत जात नाही. ड्रॉइंगवर मात्र हात जात असतो. यूजर, म्हणजे लष्कर, काय म्हणतो ते लिहून घ्या, वाद घालू नका. ईएमईचा (लष्कराच्या दुरुस्ती-देखभाल शाखेचा) एखादा हवालदार पाच मिनिटांत जे दाखवतो ते आम्हाला डिझाइन रिव्ह्यूमध्ये सापडलेलं नसतं. मागणीपत्रापासून गाडी लष्करात जाईपर्यंत वर्षं जातात, तारखा पुढे सरकतात, कधी प्रकल्पच थांबतो. दर वर्षी आपलं काम रस्त्यावर धावताना बघायचं असेल तर सरळ चाकणला कारच्या कंपनीत जा, तिथे पगारही बहुधा बरा मिळेल.

यायच्या वाटा अनेक आहेत. पदवीनंतर गेटचा स्कोअर आणि मुलाखत यांवर डीआरडीओत ‘सायंटिस्ट बी’. त्याची भरती आरएसी हे डीआरडीओचं भरती केंद्र करतं. डिप्लोमा किंवा बीएस्सीवाल्यांना सेप्टम या डीआरडीओच्याच भरती केंद्राच्या परीक्षेतून ‘एसटीए-बी’ (तांत्रिक सहायक), आयटीआयवाल्यांना ‘टेक्निशियन-ए’. प्रयोगशाळा अप्रेंटिसही घेतात, नगरची जाहिरात बघत राहा. एमटेक करायचं तर गिरीनगरच्या डायट या संरक्षण-तंत्रज्ञान विद्यापीठात बाहेरच्या मुलांनाही गेटवर प्रवेश मिळतो. गणवेश हवा असेल तर टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स किंवा एसएससी टेक (अल्पमुदतीचं तांत्रिक कमिशन). इंजिनिअर्सची कोअर मिळाली तर पुढचं शिक्षण दापोडीला, पण कोअर कुठली मिळेल हे तुमच्या हातात नसतं. खासगीत एल अँड टी, टाटा, भारत फोर्ज ही मोठी नावं, आणि त्यांना भाग पुरवणाऱ्या भोसरी-चाकणच्या छोट्या कंपन्या. मी तर म्हणेन, सुरुवात छोट्या जागी करा. तिथे एकच माणूस ड्रॉइंग काढतो, शॉपवर उभा राहतो आणि ट्रायललाही जातो. आयटीआयच्या वेल्डरांना एक वेगळं सांगणं: चिलखती पोलादावरची पात्रता-चाचणी पास झालेला वेल्डर हवा तेव्हा मिळत नाही, त्यामुळे तुमची किंमत ओळखून बोला.

आता गुप्ततेचं. पोलीस पडताळणी होते, फोन गेटवर लॉकरमध्ये जातो, शॉपमध्ये फोटो नाही. पोर्टफोलिओत दाखवायला एकही चित्र नसतं. मग बायोडेटात काय लिहायचं? गाडीचं नाव नाही, कामाचा प्रकार लिहा: ‘तरंगत्या वाहनावरील जोड-संरचनेचं वजन-नियोजन’, ‘उच्च दाबाच्या सिलिंडरची निवड’. समोरच्याला कळतं. समाजमाध्यमावर ट्रायलचा फोटो टाकणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते विचारू नका.

मुलाखतीत आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो, तो फुटला तरी हरकत नाही. १४ टनी तरंगती गाडी, पुढच्या टोकाला ४०० किलोचं साधन बसवायचंय, काय बदलेल? पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर धरलं तर गाडी २ सेंटिमीटर आणखी बुडेल, एवढं बरेच जण काढतात. थोडे जण म्हणतात की इंजिन आधीच पुढे आहे, त्यामुळे नाक त्याहून जास्त खाली जाईल. मग पुढच्या टॉर्शन बारवरचा (चाकांच्या स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यावरचा) भार, ब्रेक, चालकाला दिसणारी जमीन, पाण्यातून काठ चढताना साधन आपटेल का, असं कुणी एकेक काढत जातं. आणि क्वचित एखादी मुलगी उलट विचारते की गाडी पाण्यात असताना ते साधन दुमडून मागे घेता येईल का. तिला आम्ही दुसऱ्या फेरीला बोलावतो.