भिंतीच्या आत कोणाचं, बाहेर कोणाचं: न्यू जर्सीत टाउनहाउस घेणाऱ्यांसाठी

घर बघायला गेल्यावर आपली माणसं एजंटला तीन गोष्टी हमखास विचारतात: शाळा कोणती, ट्रेन स्टेशन किती लांब आणि एचओए, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनला दरमहा द्यायची वर्गणी, किती. तिसऱ्याचं उत्तर '३५० डॉलर' असं आलं की विषय तिथेच संपतो. त्या ३५० डॉलरमध्ये काय येतं, काय येत नाही आणि उद्या पाणी फुटलं तर कोणाच्या विम्यातून पैसे निघणार, हे २०११ मध्ये टाउनहाउस घेताना मीसुद्धा विचारलं नव्हतं. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार कुटुंबांनी टाउनहाउस घेतलं आणि चौघांचेही फोन क्लोजिंग, म्हणजे अंतिम खरेदीव्यवहार, झाल्यावर आले. पुढचा फोन क्लोजिंगच्या आधी यावा, म्हणून हे लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट. एकाला एक लागून असलेली, हुबेहूब दिसणारी दोन टाउनहाउसं कायद्याच्या नजरेत अगदी वेगळी असू शकतात. एक 'फी सिंपल' असतं: खालची जमीन तुमची, छप्पर तुमचं, बाहेरची भिंतही तुमची. असोसिएशन फक्त रस्ते, हिरवळ, क्लबहाउस बघते. दुसरं काँडो असतं: छप्पर आणि बाहेरची भिंत सगळ्यांची मिळून, तुमची मालकी बहुधा आतल्या प्लास्टरबोर्डपासून सुरू होते. पहिल्याला एचओ-३ प्रकारचा विमा लागतो, दुसऱ्याला एचओ-६. लिस्टिंगमध्ये दोन्हींना 'टाउनहाउस'च लिहितात. खरं काय ते मास्टर डीडमध्ये, म्हणजे वसाहतीच्या मालकीहक्काच्या मूळ दस्तात, असतं. न्यू जर्सीत करारावर सह्या झाल्यावर कामाचे तीन दिवस अटर्नी रिव्ह्यूचे, म्हणजे वकिलाकडून करार तपासून घ्यायचे, मिळतात. त्या तीन दिवसांत वकिलाला स्पष्ट सांगा की मास्टर डीड, बायलॉज (असोसिएशनचे नियम), चालू वर्षाचं बजेट, रिझर्व्ह स्टडी (मोठ्या दुरुस्त्यांसाठी किती पैसे साठवायला हवेत त्याचा अहवाल), दोन वर्षांची मीटिंगची मिनिट्स आणि मास्टर पॉलिसीचं, म्हणजे असोसिएशनच्या सामाईक विम्याचं, डिक्लरेशन पान (विम्याच्या रकमांचा गोषवारा) हातात आल्याशिवाय रिव्ह्यू संपवायचा नाही. वकील म्हणेल, हे नंतर येतं. तुम्ही आग्रह सोडू नका. बोली लावायच्या घाईत आपण दहा-वीस हजार डॉलर सहज वर चढवतो आणि ऐंशी पानं वाचायचा मात्र कंटाळा करतो, हे बघून मला मनापासून वाईट वाटतं.

ड्यूजबद्दल, म्हणजे त्या एचओएच्या वर्गणीबद्दल. मॉर्गेजच्या हप्त्यात घरपट्टी आणि तुमच्या विम्याचा हप्ता एस्क्रोमधून, म्हणजे बँकेनं त्यासाठी ठेवलेल्या खात्यातून, जातो, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की एचओएचे पैसेही त्यातूनच जात असतील. सहसा जात नाहीत. ते असोसिएशनला वेगळे भरायचे असतात. मॅनेजमेंट कंपनी बदलली की पैसे भरायचा पत्ता आणि पोर्टल दोन्ही बदलतात आणि तुमची बँक मात्र जुन्या पत्त्यावर चेक पाठवत राहते. आमच्या शेजारच्या ओळीतल्या एका जोडप्याला चार महिन्यांनी वकिलाची नोटीस आली, तेव्हा कळलं. लेट फी मामुली होती, वकिलाची फी तिच्या कितीतरी पट.

आणि ड्यूज कधीही अडवून धरू नका. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत मेंटेनन्स थकला तर नोटीस बोर्डावर नाव लागतं, सर्वसाधारण सभेत आवाज चढतात आणि प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळतं. ती सवय घेऊन आपण इथे येतो. 'बर्फ वेळेवर काढत नाहीत, मग पैसे कशाला द्यायचे?' हे वाक्य मी आपल्या लोकांच्या तोंडून कितीदा ऐकलंय. इथे तुमची तक्रार खरी असली तरी ड्यूज द्यावेच लागतात, दोन्हींचा एकमेकांशी संबंध लावता येत नाही. थकलं की लेट फी, मग वकिलाची फी, बऱ्याच ठिकाणी वर्षाचे उरलेले सगळे ड्यूज एकदम मागतात, मग घरावर लीन (थकबाकीचा बोजा) आणि शेवटी फोरक्लोजर (घराची सक्तीची विक्री). न्यू जर्सीत थकलेल्या ड्यूजपैकी काही महिन्यांची रक्कम बँकेच्या मॉर्गेजच्याही आधी वसूल होते, म्हणजे असोसिएशनची बाजू किती भक्कम आहे ते बघा. आधी पैसे भरा, मग भांडा. भांडायला रस्ता आहे: घरमालक आणि असोसिएशन यांच्यातल्या वादासाठी कोर्टाबाहेर तडजोडीची सोय ठेवणं इथे असोसिएशनवर बंधनकारक आहे.

आता माझी चूक. ही नीट वाचा.

डिसेंबर २०१३ च्या शेवटी आईच्या पंचाहत्तरीसाठी आम्ही तीन आठवडे पुण्याला गेलो. जाताना बिल वाचवायला थर्मोस्टॅट ५० फॅरनहाइटवर ठेवला. ७ जानेवारी २०१४ ला पोलर व्हॉर्टेक्सची ती थंडी आली आणि वरच्या बाथरूमच्या, बाहेरच्या भिंतीतून जाणाऱ्या नळाचा पाइप फुटला. पुण्यात रात्रीचे नऊ वाजले होते, ताटं वाढलेली होती. शेजारच्या बाईंचा फोन आला: 'माझ्या बेसमेंटच्या छतातून पाणी येतंय आणि ते तुमच्या बाजूनं येतंय.' आमच्याकडे किल्ली कोणाजवळ नव्हती. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे हे मला फोनवर सांगता येईना, कारण तो मी कधी बघितलाच नव्हता. पाणी बंद व्हायला पाच तास गेले.

माझी समजूत अशी की असोसिएशनची मास्टर पॉलिसी आहे, ड्यूजमधून तिचा हप्ता आपणच भरतो, तेव्हा हे सगळं तिच्यातून होईल. झालं ते असं. मास्टर पॉलिसीचा डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनीनं देण्याआधी आपण सोसायची रक्कम, १०,००० डॉलर होता आणि बायलॉजमध्ये एक वाक्य होतं की नुकसान ज्या घरातून सुरू झालं, त्या घरमालकाकडून डिडक्टिबल वसूल करावा. म्हणजे माझ्याकडून. दुसरं, मास्टर पॉलिसी फक्त बिल्डरनं मुळात दिलेल्या दर्जाचं बांधकाम भरून देत होती. आधीच्या मालकानं बसवलेली चांगली कॅबिनेटं, ग्रॅनाइट आणि लाकडी जमीन ही 'सुधारणा' ठरली आणि तिचा १३,४०० डॉलरचा फरक माझ्या माथी आला. माझ्या स्वतःच्या एचओ-६ पॉलिसीत आतल्या बांधकामासाठी संरक्षण होतं ५,००० डॉलर, कारण मी बँक मान्य करील एवढी, सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतली होती. खिशातून १८,४०० डॉलर गेले. ते पाच हजार देण्याआधीसुद्धा कंपनीनं हीटिंग चालू होतं याचा पुरावा मागितला. जानेवारीचं गॅसचं बिल मिळालं म्हणून निभावलं. घर रिकामं असताना हीटिंग बंद ठेवलेलं असेल आणि नळातलं पाणीही काढून टाकलेलं नसेल, तर गोठून फुटलेल्या पाइपचा क्लेम बहुतेक पॉलिसींत नाकारला जातो.

म्हणून विमा घेताना असं करा. मास्टर पॉलिसीचं डिक्लरेशन पान आणि बायलॉजमधलं विम्याचं प्रकरण आपल्या एजंटला पाठवा. मास्टर पॉलिसी तीनपैकी कुठल्या प्रकारची आहे ते विचारा: नुसत्या उघड्या भिंतींपुरती, बिल्डरनं दिलं तेवढ्यापुरती, की नंतरच्या सुधारणांसकट. तुमच्या एचओ-६ मधलं बांधकामाचं संरक्षण, म्हणजे कव्हरेज ए, इतकं हवं की त्यात मास्टर पॉलिसीचा डिडक्टिबलही बसेल आणि तुमचं आतलं किचन, बाथरूम, जमीनही बसेल. हल्ली २५,००० डॉलरचा डिडक्टिबल काही विशेष राहिलेला नाही, तेव्हा पाच-दहा हजारांचं संरक्षण म्हणजे कागदच.

मग लॉस असेसमेंट. असोसिएशनचं विम्यात न बसलेलं नुकसान सगळ्या घरमालकांवर वाटलं, तर तुमचा वाटा देणारं हे संरक्षण. मूळ पॉलिसीत ते बहुधा १,००० डॉलर असतं आणि थोड्या जादा हप्त्यात ५०,००० पर्यंत नेता येतं. पण इथे एक खाच आहे, जी मला कुणी सांगितली नव्हती: लॉस असेसमेंट कितीही वाढवलं, तरी ते असेसमेंट मास्टर पॉलिसीच्या डिडक्टिबलमुळे आलेलं असेल तर अनेक पॉलिसी १,००० डॉलरच्या वर देत नाहीत. तेव्हा एजंटला ईमेलनं एकच प्रश्न विचारा: 'मास्टर पॉलिसीचा पूर्ण डिडक्टिबल माझ्यावर टाकला, तर कुठल्या कव्हरेजखाली किती मिळतील?' उत्तर लेखी घ्या. फोनवरचं 'यू आर ऑल सेट' चालवून घेऊ नका. क्लेमच्या वेळी ते कुणाला आठवत नाही.

सांडपाणी उलटं येण्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. पुराचा विमा तर पूर्णपणे वेगळा आणि सरकारी योजनेतून घेतलात तर साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसानं मध्य जर्सीतली किती बेसमेंटं भरली, ते इथल्या कुणालाही विचारा.

रिझर्व्ह फंड म्हणजे आपल्या सोसायटीचा सिंकिंग फंड. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींत त्यासाठी वर्षाला बांधकामखर्चाच्या किमान ०.२५ टक्के असा आकडा तरी आहे. इथे कित्येक बोर्डांनी ड्यूज वाढवल्याचं पाप नको म्हणून वर्षानुवर्षं रिझर्व्हमध्ये पुरेसं टाकलंच नाही. गणित सोपं आहे. २०० घरं, प्रत्येकाच्या छपराला १२,००० डॉलर, म्हणजे २४ लाख. डांबरी शिंगल्सचं छप्पर वीस-पंचवीस वर्षं टिकतं. रिझर्व्हमध्ये ९ लाख असतील तर उरलेले १५ लाख घरटी ७,५०० डॉलरच्या स्पेशल असेसमेंटमधून (घरमालकांवरच्या जादा आकारणीतून) येणार आणि ते छप्पर बदलायच्या वर्षी जो मालक असेल तो भरणार. म्हणून कमी ड्यूजवर भाळू नका. २६० डॉलर ड्यूज आणि पंचवीस वर्षांची जुनी छपरं असलेलं घर मला ४२० डॉलरवाल्यापेक्षा जास्त महाग वाटतं.

२४ जून २०२१ ला फ्लॉरिडात सर्फसाइडची चॅम्पलेन टॉवर्स साउथ इमारत पहाटे कोसळली आणि ९८ माणसं गेली. दुरुस्तीसाठी दीड कोटी डॉलरचं स्पेशल असेसमेंट तिथे मंजूर झालेलं होतं, पैसे भरायला सुरुवात १ जुलैपासून होणार होती. त्यानंतर न्यू जर्सीनं जानेवारी २०२४ मध्ये कायदा केला. सामाईक मालमत्ता २५,००० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची असेल, त्या असोसिएशनला किमान दर पाच वर्षांनी रिझर्व्ह स्टडी आणि तीस वर्षांचं पैशाचं नियोजन करावं लागतं. काँक्रीट आणि पोलादाच्या इमारतींना बांधकामाची तपासणीही आहे. आपली लाकडी सांगाड्याची टाउनहाउसं त्या तपासणीत येत नाहीत, पण रिझर्व्ह स्टडीतून सुटत नाहीत. गेली दोन-तीन वर्षं ड्यूज एवढे का वाढतायत, त्याचं एक कारण हे आणि दुसरं मास्टर पॉलिसीचे चढलेले हप्ते. बोर्डाला शिव्या देण्याआधी बजेटच्या त्या दोन ओळी बघा.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी एक वेगळं सांगतो, कारण एजंट हे कधीच सांगत नाही. नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. अशा वेळी सगळ्यांच्या मनात येतं की घर भाड्यानं देऊ आणि वर्षभर भारतात जाऊन येऊ. पण बऱ्याच असोसिएशनमध्ये भाड्यानं देण्यावर मर्यादा असते: एकूण घरांपैकी अमुक टक्केच, किंवा घेतल्यापासून एक-दोन वर्षं मुळीच नाही, किंवा वर्षभरापेक्षा कमी लीज नाही. घर घेण्याआधी हे कलम शोधा. आणि भाड्यानं दिलंत तर विमा कंपनीला कळवा, मालक राहतो तेव्हाची पॉलिसी भाडेकरूला चालत नाही. तसंच, काँडोंच्या वसाहतीत १५ टक्क्यांहून जास्त घरांचे ड्यूज ६० दिवसांवर थकलेले असतील तर फॅनी मे या गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेच्या नियमांत बसणारं कर्ज तिथे सहसा मिळत नाही, म्हणजे तुम्हाला विकायचं असेल तेव्हा गिऱ्हाईक मिळणं अवघड.

डेक, स्टॉर्म डोअर, बाहेरचा कॅमेरा: आधी अर्ज, मग काम. एक मीटरपर्यंतची डिश तुमच्या स्वतःच्या बाल्कनीत लावायला एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा, नियम तुमच्या बाजूनं आहे. क्लबहाउसमध्ये गणपती किंवा हळदीकुंकू करायचं तर डिपॉझिटबरोबर विम्याचं सर्टिफिकेटही मागू शकतात, महिनाभर आधी विचारा. दारासमोरच्या पायऱ्यांवरचा बर्फ बहुधा तुम्हीच काढायचा असतो.

मीटिंगला जा. आपल्यातले बरेच जण घराला दंडाची नोटीस लागल्यावरच पहिल्यांदा बोर्डासमोर उभे राहतात. इथल्याच फेअर लॉनमध्ये १९२९ साली वसलेल्या रॅडबर्नच्या रहिवाशांनी, आपलं बोर्ड आपल्याला निवडता यावं म्हणून, कोर्टापर्यंत लढा दिला आणि २०१७ मध्ये राज्यानं कायदा बदलून घरमालकांचा मतदानाचा हक्क पक्का केला. आमच्या असोसिएशनमध्ये निम्मी घरं भारतीयांची आहेत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वार्षिक सभेला आम्ही चौघं असायचो. आता अकरा जण येतो आणि मास्टर पॉलिसीचा डिडक्टिबल किती, हे दर वर्षी सभेत मोठ्यानं वाचून दाखवायचं, हे बोर्डानं मान्य केलंय.

आणि आज संध्याकाळी बेसमेंटमध्ये किंवा हीटरच्या खोलीत जाऊन मेन व्हॉल्व्ह शोधा. हातानं फिरवून बघा, घट्ट झाला असेल तर प्लंबरला बोलवा. आमच्या व्हॉल्व्हला लाल कापडाची पट्टी बांधलेली आहे, त्याचा फोटो आणि घराची एक किल्ली शेजारच्या बाईंकडे आहे आणि भारतात जाताना थर्मोस्टॅट ६२ वर असतो.